सुमनच्या नावाचं पान

देवरेकाका उभ्याने लहान मुलांशी कधी बोलले नाहीत. मूल समोर आलं की ते आधी खाली बसायचे, अगदी रस्त्यात, चिखलात, पँटची इस्त्री मोडून. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आपले डोळे आणायचे आणि मगच म्हणायचे, "बोला." उचलून घ्यायचं असेल तर परवानगी मागायचे. "उचलू का, राजे?" राजे नाही म्हणाले तर हात मागे.

सिडकोतल्या आमच्या घराच्या वर एक खोली होती. बाहेरून जिना, पुढे टीचभर गच्ची. सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारे, सटाण्याकडचे, एकटे, पस्तिशीचे देवरे तिथे भाड्याने राहायला आले, तेव्हा माझी मुक्ता बालवाडीत होती आणि पार्थला दोनाचं तिसरं लागलं होतं. मी सरकारी कचेरीत, सुधीर अंबडच्या कंपनीत. मुलांना सांभाळायला येणारी बाई आली तर आली.

ते आले त्याच आठवड्यात पार्थने फाटकाच्या गजांत डोकं घातलं. आत गेलं, बाहेर येईना. गल्ली जमली. कुणी खोबरेल आणलं, कुणी साबण. समोरच्या पगारताई म्हणाल्या, वेल्डरला बोलवा. सुधीर मागून त्याचे कान दाबून ओढत होता आणि पार्थ असा ओरडत होता की शेजारची कुत्री पळाली. देवरे पहिल्या पाळीवरून परतत होते. त्यांनी डबा भिंतीवर ठेवला आणि रस्त्याच्या बाजूने, पार्थच्या तोंडासमोर, मांडी घालून बसले.

"काय बघताय, राजे?"

पार्थ हुंदके देत म्हणाला, "मनीमाऊ."

"मग बाहेर या की. मागं कशाला जाताय? माऊ तर इकडं आहे."

आणि त्यांनी पोराला जरा आडवं केलं, एक खांदा, मग दुसरा, मग पोट, असं करत अख्खा पार्थ गजांतून रस्त्यावर काढला. आम्ही सगळे आत, पार्थ बाहेर, तेलाने माखलेला. त्याने डोळे पुसले आणि पहिलं वाक्य म्हटलं, "पुन्हा."

त्या दिवसापासून ते आमचे झाले. मुद्दाम कुणी ठरवलं नाही. त्यांची पाळी सकाळची असली की दुपारनंतर मुलं वरच्या गच्चीत असायची. ते पेरू कापून तिखटमीठ लावायचे, पार्थच्या वाटणीला नुसतं मीठ. मुक्ताच्या वेण्या ते घालायचे. हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी घरी आले तर मुक्ताच्या डोक्यावर लाल रिबिनींच्या दोन घट्ट, सरळ वेण्या, मधोमध भांग असा की दोरी लावून काढावा. माझ्या हातून तिचे केस ओढले जायचे, रोज रडारड. यांच्या हाताखाली ती गाणं म्हणत बसायची.

"कुठे शिकलात हो, भावजी?" मी विचारलं.

"लय पोरीबाळी होत्या घरात," ते म्हणाले, आणि रिबिनीचं टोक दाताने धरून गाठ मारली.

त्यांच्या घरचं मी एकदाच विचारलं होतं. लग्न वगैरे? ते कठड्यावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "एक होती. गेली." मी जीभ चावली. पुढे कधी विषय काढला नाही. सुधीरलाही बजावलं, त्यांना काही विचारू नका, बिचारा माणूस.

शाळेच्या वेशभूषेत मुक्ताला द्राक्षाचा घड व्हायचं होतं. नाशिकच्या मुलीला दुसरं काय सुचणार? देवरेंनी दोन दिवस खपून हिरवे छोटे फुगे फुगवले आणि तिच्या झग्यावर शिवले. मुलगी काय सुंदर दिसत होती! पण स्कूटरवर पुढे सुधीर, मध्ये घड आणि मागे देवरे. प्रत्येक खड्ड्याला एक फुगा फुटायचा. शाळेपर्यंत दोनतीनच उरले, बाकीची नुसती लोंबणारी चिंधकं. मी कचेरीतून परस्पर पोचले तेव्हा मुक्ता रंगमंचाच्या पायऱ्यांवर बसून गळा काढत होती आणि देवरे तिच्यापुढे उकिडवे.

"अगं, मग द्राक्षाचं पुढं काय होतं?" ते विचारत होते. "उन्हात ठेवलं की?"

तिचं रडणं अर्ध्यात थांबलं. नाव पुकारलं गेलं. ती वर गेली, माईकसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी काल द्राक्ष होते. आज उन्हातून आले. आता मी बेदाणा आहे." सगळा हॉल हसला. तिला बक्षिसात स्टीलचा पेला मिळाला. घरी येताना तो पेला देवरेकाकांच्या डोक्यावर होता.

एकदा मात्र ते माझ्यावर रागावले. पार्थला इंजेक्शन द्यायचं होतं. दवाखान्यात मी नेहमीसारखं म्हटलं, "काही दुखणार नाही हं बाळा." सोबत आलेले देवरे लगेच खाली बसले. "दुखणार, राजे. मोठी मुंगी चावल्यासारखं. ती चावली की तुम्ही माझा कान ओढायचा." सुई टोचल्यावर पार्थने तो कान असा पिळला की ओरडले देवरे, आणि पार्थ रडायचं विसरून हसायला लागला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लेकराला खोटं सांगू नये, वहिनी. मोठा माणूस विसरून जातो. लेकरू धरून बसतं." मला ते इतकं पटलं की मी कचेरीत चार जणींना सांगितलं.

माझ्या सासूबाई सवाष्ण गेल्या होत्या. त्यामुळे पितृपक्षात अविधवा नवमीला मी एक सवाष्ण जेवायला घालत असे, बहुधा पगारताईच. देवरे आल्यानंतरच्या पहिल्या नवमीला माझ्या मनात आलं, या माणसाच्या बायकोचं कोण करत असेल? मी जिन्यात जाऊन म्हटलं, "भावजी, तुमची हरकत नसेल तर त्यांच्या नावाचं एक पान मांडते. नाव काय त्यांचं?"

त्यांनी पायरीवरची धूळ पायाने बाजूला केली. मग म्हणाले, "सुमन."

मी सुमनच्या नावाने पान वाढलं. तांदळाची खीर, वडे, पुरण, आमसुलाची चटणी. मागल्या गल्लीतली एक सवाष्ण बोलावली, तिची ओटी भरली. देवरे खाली आले, भिंतीशी बसून जेवले. जेवताना त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले आणि सुधीरला खुणेने दाखवले. मुक्ताने विचारलं, "सुमनकाकू देवाघरी आहेत का?" मी हो म्हटलं. देवरे खीर खात होते. पुढच्या वर्षी त्यांनी आपण होऊन फूलबाजारातून शेवंतीचा गजरा आणला. म्हणाले, "त्या बाईंना द्या. तिला आवडायची शेवंती."

त्यानंतरच्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवार होता, मी अर्ध्या दिवसाने घरी आले होते. मुक्ता ओट्यावर बसून दोरीला गाठी मारत होती. पार्थला शाळेतून आणायला देवरे गेले होते. फाटक वाजलं. एक बाई उभी होती, उन्हाने रापलेली, हिरवं लुगडं, हातात पिशवी. तिच्यामागे मुक्ताच्याच वयाची मुलगी, मुलांसारखे बारीक कापलेले केस, आणि तिच्या फ्रॉकला धरून एक लहान मुलगा.

"देवरे आठेच ऱ्हातस ना?" बाईने अहिराणीत विचारलं.

मी म्हटलं, हो, वरती राहतात, येतीलच आता. ती आत आली नाही. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत राहिली.

"तूच का ती?"

"कोण मी?"

"नाशिकमा ठेवेल. गावमा समदा सांगतस. देवऱ्यानी दुसरं बिऱ्हाड करं. भद्रकालीमा त्याच्या खांद्यावर पोरगं पाहिलं लोकायनी." तिचा आवाज चढला. "मी त्यासनी बायको शे. नामपूरनी. सुमन."

मला काय वाटलं ते कसं सांगू? आधी तर मी तिच्या पायांकडे पाहिलं. खरंच. धुळीने भरलेले पाय, झिजलेली चप्पल, जोडवी. ज्या बाईच्या नावाने मी दोन वर्षं सवाष्ण जेवू घातली, ती माझ्या दारात उभी राहून माझ्याशी भांडत होती.

मी म्हटलं, "ताई, माझा नवरा कंपनीत गेलाय. मुलगा माझा आहे. देवरे आमचे भाडेकरू. या, बसा. पाणी घ्या."

ती माझ्याकडे आणि माझ्या मंगळसूत्राकडे बघत राहिली. मग एकदम तिच्यातलं भांडण निघून गेलं आणि ती ओट्यावर बसली. पाणी प्यायली. मग खाली मान घालून म्हणाली, "राग धरू नको, बाई. येष्टीत बसल्यापासून तुला काय काय बोलायचं ते पाठ करत आले व्हते."

तिची मुलगी, आशा, मुक्ताजवळ सरकली होती. मुक्ताच्या वेण्यांकडे टक लावून बघत होती. हळूच एका रिबिनीला बोट लावून तिने विचारलं, "तुनी येनी कोन घालस?"

"देवरेकाका," मुक्ता म्हणाली. "तुला पण घालतील. पण तुझे केस नाहीत ना."

आशा आपल्या कापलेल्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मनी येनी बी तोच घाले."

सुमन माझ्याकडे न बघता बोलली. "हिले दुसऱ्याच्या हातची येनी चालेना. तो गेल्यावर रोज सकाळी रडे. शेवटी मी कापीच टाकं."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला देवरे दिसले. खांद्यावर पार्थ, पार्थच्या हातात त्यांची टोपी, दोघं मोठ्याने पाढे म्हणत होते. फाटकापाशी येऊन त्यांनी ओट्याकडे पाहिलं. पाढा तुटला. पार्थने एकट्याने पुढचा आकडा म्हटला आणि मग तोही गप्प झाला.

आशाने मान खाली घातली. लहान मुलगा आईच्या मांडीला बिलगून देवऱ्यांकडे बघत होता.

"हाऊ कोन शे, माय?" त्याने विचारलं.

देवऱ्यांनी पार्थला खाली उतरवलं. आल्यापासून प्रथमच ते मुलासमोर बसले नाहीत. उभेच राहिले. "वर या," सुमनला म्हणाले, आणि जिना चढून गेले. ती लगेच गेली नाही. लहानग्याने तिचा पदर घट्ट धरला होता. म्हणून आधी मी गेले.

ते खोलीच्या मधोमध उभे होते. मी म्हटलं, "भावजी, मी त्यांच्या नावाचं पान मांडत होते."

"ती मेली असं मी म्हटलं नव्हतं, वहिनी."

"गजरा आणलात तुम्ही. खीर खाल्लीत माझ्या हातची."

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून हातात घेतली. मी विचारलं, "का? एवढी माया आहे तुमच्याजवळ, ती तिथे का नाही पुरली?"

ते गच्चीच्या दारापाशी गेले. मग म्हणाले, "तिथं मी बाप होतो. आजारपण, रडणं, आईचं, भावांचं भांडण, सगळं माझ्यावर. दुसरं पोरगं झालं आणि छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायला लागलं. इथं सगळं होतं, आणि संध्याकाळी जिना चढून वर येता यायचं." मग घाईने म्हणाले, "चहा ठेवा तुम्ही तिला. मी दूध घेऊन येतो. चहा झाल्याशिवाय ती धड बोलायची नाही."

पिशवी घेऊन ते उतरले. ओट्यावरून जाताना आशाच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांचा हात पुढे झालेला मी वरून पाहिला. तो ठेवला नाही. फाटक ओढून घेतलं आणि गेले.

चहाचं आधण आटलं. ऊन ओट्यावरून उतरलं. सुधीर कंपनीतून आला, ऐकून तसाच स्कूटर घेऊन डेअरीवर, नाक्यावर, सीबीएस स्टँडवर जाऊन आला. सुमन मात्र जागची हलली नाही.

"नही येवाव तो," ती म्हणाली. तो येणार नाही हे तिला आधीच माहीत होतं. "तवय बी आसंच करं. बजारमा जाई येस म्हने आनी गया."

रात्री ती आणि मुलं आमच्याकडेच राहिली. स्वयंपाक करताना मला राहवेना. मी तिला नवमीचं सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. पण ती हसत होती. हसता हसता खाली बसली.

"काय काय रांधं व्हतं?" तिने विचारलं.

"खीर. वडे. पुरण."

"मंग आज बी वाढ. आज तं मी जित्ती शे."

मी त्या रात्री खीर केली. ती पोटभर जेवली, मुलांना भरवलं, आणि ताट धुवून पालथं घातल्यावर मग रडली.

दुसऱ्या दिवशी सुधीरने त्यांना नामपूरच्या गाडीत बसवून दिलं. कारखान्यात चौकशी केली, देवरे तिथेही पुन्हा गेले नव्हते. सुमन पुढे गावच्या अंगणवाडीत लागली. तिच्या आशाने नाशकात नर्सिंगचा कोर्स केला तेव्हा रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. केस तिने कधी वाढवले नाहीत.

माझ्या मुलांना काय सांगावं हे मला कळेना. गावी गेले, म्हटलं. पार्थ रोज संध्याकाळी फाटकाशी उभा राहायचा. पुढे त्याला एक खोडच लागली. कुणीही घराबाहेर पडलं की तो धावत जाऊन विचारायचा, "परत येणार ना?" सुधीरला कंपनीत जाताना हे वचन द्यावं लागे. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. दूधवाला म्हणाला, "अरे बाबा, मी रोजच येतोय. एक दिवस तरी चुकलोय का?" आम्ही हसायचो. दुसरं काय करणार? मुक्ताने मात्र बऱ्याच दिवसांनी, मी तिचे केस विंचरत असताना विचारलं, "त्यांना दुसरी मुलगी मिळाली का?"

मला तेव्हा त्या माणसाचा जो राग आला तसा कुणाचाच आला नाही. माझ्या मुलांना मिळालेला सगळा आनंद मी आमचाच समजत होते, आणि तो आनंद नामपूरच्या दोन मुलांच्या ताटातला होता. मी तो हौसेने खाल्ला होता, त्याचं कौतुक केलं होतं. त्या दिवसानंतर मी मनातसुद्धा त्याला कधी अहोजाहो केलं नाही.

त्याला मी एकदाच पुन्हा पाहिलं. पार्थची बारावी झाली होती, त्याच्या प्रवेशासाठी आम्ही मायलेक मुंबईला निघालो होतो. घोटीला गाडी चहासाठी थांबली. माझे गुडघे दुखत होते, मी खिडकीतच बसले. पार्थ उतरला. टपरीपुढच्या बाकावर एक म्हातारा चहा घेऊन बसला होता, दाढीचे खुंट वाढलेले, अंगात कुणाचा तरी मोठा स्वेटर. पार्थ आला तशी त्याने न बघता पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा दिली. त्या सरकण्यावरून नाही, मान वळवल्यावर मी ओळखलं. पन्नाशीतच तो इतका म्हातारा दिसत होता.

दोघं शेजारी शेजारी बसले होते. मिसरूड फुटलेला, त्याच्यापेक्षा हातभर उंच झालेला माझा मुलगा आणि तो. पार्थ भजी खात होता. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. पार्थने उत्तर दिलं आणि आमच्या गाडीकडे बोट दाखवलं. त्याने वर पाहिलं. आमची नजर मिळाली. मग त्याने पुन्हा पार्थकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडे, हातांकडे, असं पाहिलं की मला वाटलं, आता हा काही बोलणार. माझा हात खिडकीच्या गजावर घट्ट झाला. तो बोलला असता तर मी उतरले असते की गप्प बसले असते, मला आजही माहीत नाही.

तो उठला आणि चालू लागला.

पार्थ माझ्यासाठी पुडी घेऊन आला. मी विचारलं, "काय म्हणत होता रे तो म्हातारा?"

"कोण? ते आजोबा? कुठून आलास म्हणाले. मी म्हटलं, नाशिक, सिडको. नाव विचारलं. नाव सांगितलं तर एकदम उठलेच, चहा अर्धा टाकून." त्याने मागे वळून पाहिलं. "का गं? ओळखीचे होते?"

"नाही," मी म्हटलं. "खा तू. गार होतील."

गाडी वळली तेव्हा मला तो दिसला. पलीकडे भाताच्या गिरणीची भिंत होती. तिच्या आडोशाला अंग चोरून, आमची गाडी जाण्याची वाट बघत तो उभा होता.